भिंतीला आलेला घाम

कुशाबाई मूळची आंबेगावच्या पश्चिमेकडची, भातखाचरांच्या मुलखातली. नवऱ्यामागं ती पिंपळवंडीला बहिणीच्या आसऱ्याला आली आणि रखमाजींच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये दारावर लागली. काम तसं एकच. द्राक्षांचे क्रेट आले की जाड दार उघडायचं, आत गेले की लगेच ओढून लावायचं. भर मार्चात अंगात स्वेटर न् डोक्याला मफलर. पॅकिंगच्या बाया हसायच्या, "कुशाबाई, काश्मीरला निघाली व्हय?"

"तुमच्या उन्हातनं तेवढीच सुटका," ती म्हणायची.

२००६च्या हंगामात मात्र पूर्वेच्या भिंतीला लावलेली द्राक्षं मऊ पडायला लागली. मशीन तपासलं, ते ठीक निघालं. मग सुपरवायझर भिमाजीची नजर कुशाबाईवर गेली.

"मावशी, देवळाचं दार हाय का हे, सताड उघडं ठेवायला?"

"न्हाई रं. लावल्याबिगर मी हलत न्हाई."

"मग थंडी काय चालत गेली?"

रखमाजी कमी बोलणारे. ते एवढंच म्हणाले, "उद्या पुण्याच्या मॅडम तपासणीला यायच्यात. दाराचाच दोष निघाला, तर मावशी, दुसरं माणूस बघावं लागंल."

त्या रात्री कुशाबाईनं भाकरी तशीच झाकून ठेवली. पोटाचा प्रश्न होताच. पण कामात हयगय करणारी बाई म्हणून नाव निघणार, हे तिला जास्त टोचत होतं.

त्याच पूर्वेच्या भिंतीला बाहेरून एक कोनाडा होता. गेल्या भाद्रपदाच्या तोंडावर रखमाजींच्या बायकोनं, साळुबाईंनी, गवंड्याकडून तो खोदून घेतला होता आणि लेण्याद्रीहून आणलेला पितळेचा गणपती त्यात बसवला होता. हल्ली सकाळी कोनाडा ओला दिसायचा. देवाला घाम येतो, असं बाया म्हणायच्या. कुशाबाई रोज पदरानं पुसून घ्यायची. मॅडम यायच्या त्या सकाळी पुसताना ती पुटपुटली, "बाप्पा, खरं असंल ते दिसू दे. मग माझं काय व्हायचं ते हू दे."

जया मॅडम आल्या. त्यांच्या हातात जाडजूड कॅमेरा होता. "हा उजेड बघत नाही, ऊब बघतो," त्यांनी सांगितलं. "थंड ते निळं, गरम ते पिवळं-लाल."

आधी आत जाऊन दार बघितलं. लावलेल्या दाराच्या कडा चारी बाजूंनी निळ्या, म्हणजे तिथून ऊब शिरत नव्हती. मध्येच पडद्यावर एक लालभडक बाई आली.

"ही मीच का गं?" कुशाबाईनं विचारलं.

"तुम्हीच. चांगल्याच तापलाय," मॅडम हसल्या.

मग पूर्वेकडचे क्रेट बाजूला सारले. निळ्याशार भिंतीत छातीच्या उंचीवर पिवळा चौकोन उमटला, जणू खिडकीच ठेवलेली.

"बाहेरची ऊब इथून आत शिरतेय. गारवा धरून ठेवणारं भिंतीतलं थर्माकोल गेलंय. पलीकडे काय आहे?"

भिमाजीनं मान खाली घातली. "गणपती हाय."

साळुबाईंना बोलावलं. त्यांनी पडद्याकडं बघितलं आणि जीभ चावली. "अगं बया. वीट काढली तर मागं पांढरंशुभ्र थर्माकोल. म्हटलं, वाया कशाला घालवा? घरच्या गणपतीला मखर केलं त्याचं."

"अन् त्या मखराचं मी चारचौघांत कौतुक केलं," रखमाजी म्हणाले.

गार पडलेल्या कोनाड्यावर हवेतली वाफ धरते, हेही मॅडमनी समजावलं.

"म्हंजे घाम नव्हता," कुशाबाई हळूच म्हणाली, "बाप्पाला हुडहुडी भरली व्हती."

गणपतीला पॅकिंगच्या शेडमध्ये फळी ठोकायची आणि कोनाडा नव्या थर्माकोलनं बुजवायचा, असं ठरलं. "दार तुमचंच, मावशी," रखमाजी म्हणाले. कुशाबाई उपड्या क्रेटवर बसली आणि ज्या पदरानं देव पुसला होता, त्यानंच तिनं डोळे पुसले.

भिमाजी घुटमळत उभा होता. "मावशी, चहा सांगू का?"

"सांग की. अन् जाताना दार लाव."