भिंतीवरचं पान

आमची सोसायटी सुरतेत, युनिव्हर्सिटीच्या पाठीला लागून होती. मधे एक रस्ता, पलीकडे युनिव्हर्सिटीचं तारेचं कुंपण, अलीकडे आमची जोडून बांधलेली बैठी घरं. राहणारे बहुतेक प्राध्यापक, नाहीतर युनिव्हर्सिटीच्या ऑफिसातले लोक. त्यात मी एकटा टेलिफोन खात्यातला आणि एकटा खानदेशी. संध्याकाळी प्रत्येक ओट्यावर हिंचका, म्हणजे झोपाळा, कुरकुरायचा आणि हिंचक्यावर बसून मंडळी एकमेकांच्या मुलांचे मार्क विचारायची. ते मार्क विचारणं माझ्या फार डोक्यात जायचं. माझी मुलगी गणितात कच्ची होती, हेही एक कारण असेल.

प्लेगच्या वर्षी ही सोसायटी दोन दिवसांत ओस पडली. गणपती विसर्जन होऊन पितृपक्ष लागला होता आणि शहरातून बातम्या येऊ लागल्या होत्या. खोकला आणि ताप आला की माणूस दोन दिवसांत जातो, असं जो तो सांगत होता. रिक्षा, ट्रक, स्कूटर, मिळेल त्यानं लोक निघाले. मी बायको-मुलीला अमळनेरकडे गावी पाठवलं. तिथे गावकऱ्यांनी त्यांना आठ दिवस मळ्यातल्या खोपटात ठेवलं, वेशीच्या आत येऊ दिलं नाही. मला मात्र जाता येईना. सगळ्या देशातून लोक सुरतेत फोन लावत होते आणि उचलायला घरात कोणी नव्हतं. एक्सचेंजमध्ये नुसत्या रिंगा जात राहायच्या. अशा वेळी आम्हाला कोण सोडणार!

जाणाऱ्यांनी किल्ल्या माझ्याकडे दिल्या. ‘तुळशीला पाणी घालजो’ एवढंच प्रत्येकाचं मागणं. तुळशी पुढच्या ओट्यांवर होत्या, त्यामुळे घरं उघडावी लागत नसत. शेजारचे प्राध्यापकही देऊन गेले. ते, त्यांची बायको आणि दोन मुलं बसनं भावनगरकडे निघाली होती. त्यांची आई, जिला सगळी सोसायटी बा म्हणायची, आपल्या लेकीच्या जीपमधून मागाहून जाणार होती. आमच्या आणि त्यांच्या मागच्या अंगणात छातीएवढी एकच भिंत. बांना जुना दमा. भिंतीपलीकडचा त्यांचा खोकला म्हणजे आमच्या घरातलं घड्याळच होतं. बातम्या सुरू झाल्या त्या सकाळी मी भिंतीवरून ओरडलो होतो, ‘बा, तोंडावर पदर घ्या, नाहीतर दवाखान्याची गाडी येईल आणि उचलून नेईल.’ म्हटलं थट्टेनं, पण मनातून मी खरंच घाबरलो होतो. त्यानंतर तो खोकला मला ऐकू आला नाही. गेल्या असतील जीपमधून, असं मी धरून चाललो.

सकाळची पाळी करून मी दुपारी एकच्या सुमारास सायकलवरून युनिव्हर्सिटीतून घरी यायचो. वाट जवळची होती. वसतिगृहाच्या दोऱ्यांवर मुलांचे टॉवेल तसेच वाळत होते. एका वर्गाचं दार उघडं असायचं. आत फळ्यावर अर्धं सोडवलेलं गणित आणि बाकावर एक डबा होता. तासाची घंटा विजेवर चालणारी होती, ती वेळेवर घणघणायची. ती वाजली की माझा पाय पेडलवर जोरात पडायचा. भूतबित मी मानत नव्हतो, पण मोकळ्या इमारतीत कुणाचा तरी तास सुरू झाला, हे काही बरं वाटत नसे. सोसायटीत तर त्याहून शांत. वारा आला की दोन-चार हिंचके एकदम कुरकुरायचे. गटारांच्या कडेनं महानगरपालिकेची पांढरी पावडर पसरलेली होती. कावळेसुद्धा कुठे दिसत नव्हते. उष्टं टाकणारंच कोणी नाही म्हटल्यावर ते तरी कशाला थांबतील?

कावळ्यांकडे माझं लक्ष जायला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी माझी आई गावी वारली. जाण्याआधी तिनं किराणा दुकानातून मला फोन केला होता. ‘कवय येशी रे भाऊ?’ कधी येशील, एवढंच तिनं विचारलं. मी म्हटलं, रजा मिळत नाही, पुढच्या आठवड्यात बघतो. पुढचा आठवडा तिनं पाहिलाच नाही. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, तर समोर निंबावर कावळे बसलेले आणि एकही खाली उतरेना. नातेवाईक एकेक करून हात जोडत होते: नातीचं लग्न थाटात करू, म्हातारीची गाय विकणार नाही, बहिणीला माहेरपण देऊ. ऊन डोक्यावर आलं. शेवटी दर्भाचा कावळा करून त्याची चोच पिंडाला लावली आणि आम्ही घरी आलो. मामा जाता जाता म्हणाले, ‘कशात तरी जीव अडकलाय तिचा.’ मी एरवी असल्या गोष्टींची टर उडवणारा माणूस. पण कशात अडकलाय ते मला ठाऊक होतं. तिचं वाट बघणं तसंच राहून गेलं होतं आणि ती ज्याची वाट बघत होती, तो मी होतो. त्या दिवसापासून माझं जेवणात लक्ष लागत नव्हतं. एकदा तरी ती माझ्या हातचं घेऊन तृप्त झाली, असं मला दिसायला हवं होतं.

तिची तिथी पंचमी. गावी असतो तर बायकोनं सगळं रांधलं असतं. मी एकट्यानं कढी, भात, डांगराची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी आणि खीर केली. निखाऱ्यावर तूप-भात घालून पितरांची आगारी टाकली. मागच्या दारच्या केळीचं पान कापलं, त्यावर घास वाढले, शेजारी पाण्याचा पेला ठेवला आणि ते सगळं भिंतीवर ठेवून ‘काव काव’ करून हाका मारल्या. मोकळ्या सोसायटीत माझाच आवाज फिरून माझ्याकडे आला. मला लाज वाटली. मी आत येऊन जेवलो आणि पडलो.

चारच्या सुमाराला उठून पाहिलं, तर पान रिकामं. भाताचं शीतसुद्धा नव्हतं. पेलाही रिकामा. मी तिथेच मटकन खाली बसलो आणि रडलो. दोन वर्षांत तसा रडलो नव्हतो.

वर्षातून एकच दिवस घास ठेवायचा हे मला माहीत होतं. पण दुसऱ्या दिवशी मी परत पान मांडलं. तेही रिकामं झालं. तिसऱ्या दिवशी पान दुमडून ठेवलेलं होतं आणि उडू नये म्हणून वर एक दगड. कावळा पान दुमडत नाही आणि दगड तर मुळीच ठेवत नाही, एवढं कळायला टेलिफोन खात्यात नोकरी लागत नाही. मला ते कळलं आणि मी ते बाजूला सारलं. जेवण झालं की पान असंच दुमडायची आईची सवय होती. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला.

मग मी भिंतीवरून वाकून पाहिलं. पलीकडे भिंतीच्या तळाशी पावडर सांडली होती आणि तिच्यात पावलं उमटली होती. अनवाणी, लहान, टाचेकडून घासत गेलेली. आईची पावलं लहानच होती. शेवटी शेवटी ती पाय ओढत चालायची. ती पावलं भिंतीपर्यंत आली होती आणि तिथून कडेच्या फरशीवर चढली होती. फरशीवर पुढे काही दिसत नव्हतं. मी सावकाश मागे सरलो आणि मागचं दार लावून घेतलं.

कुणाही शहाण्या माणसानं खिशातली किल्ली घेऊन शेजारचं घर उघडून पाहिलं असतं. मी पाहिलं नाही. उघडून पाहिलं आणि आत दुसरंच काही निघालं तर, ही भीती होती. मला आईच हवी होती. एक्सचेंजमध्ये रिंगा जाताना ऐकायच्या आणि घरी येऊन स्वयंपाक करायचा, असे दिवस गेले. बाजार बंद, भाजी मिळेना, तरी मी तिच्या आवडीचं शोधत फिरायचो. पाटोड्या केल्या. उडदाचे वडे केले, ते दगडासारखे झाले. दुपारी भिंतीवर पान ठेवून मी दाराआड उभा राहायचो. डोळे मिटून घ्यायचो, कारण बघितलं तर ती यायची नाही असं वाटे. कानाला मात्र ऐकू यायचं. पाय घासल्याचा आवाज, मग पेल्याचा, आणि एकदा अगदी हलक्या आवाजात कुणीतरी काही पुटपुटल्याचा. मी दाराची कडी घट्ट धरून ठेवायचो.

पितृपक्ष संपत आला होता. त्या दुपारी पलीकडून खोकला आला. दाबून धरलेला, पदरात कोंडलेला, मग न आवरून फुटलेला. आई गेली तीही छातीच्याच दुखण्यानं. मला राहवलं नाही. मी दार उघडून भिंतीजवळ गेलो, हात जोडले आणि मोठ्यानं विचारलं, ‘आई, पोट भरलं का गं तुझं?’

भिंतीपलीकडून, अगदी जवळून, आवाज आला. ‘भाई, पाणी जरा वधारे मूकजे.’

पाणी जरा जास्त ठेव. आवाज बांचा होता.

आता मी जे केलं ते सांगायला आजही जड जातं. मी पळालो. घरात शिरून खिडक्या लावल्या, फिनेलनं हात धुतले, कपडे भिजत टाकले आणि तेव्हा सगळेच घेत होते त्या कॅप्सूल गिळल्या, एकीच्या जागी दोन. मेलेल्या बाईसाठी आठवडाभर रांधत होतो. जिवंत बाई खोकली तर दार लावून बसलो. दुसऱ्या दिवशी मी भिंतीवर काहीच ठेवलं नाही. दुपारी पाय घासल्याचा आवाज आला, भिंतीशी थांबला, बराच वेळ थांबला आणि परत गेला. मी ताटावर बसलो होतो, हातात घास तसाच होता.

तिसऱ्या दिवशी पाळीवरून येताना युनिव्हर्सिटीतली ती घंटा वाजली आणि मी सायकलवरून उतरलो. उरलेली वाट सायकल हातात धरून चाललो. घरी आलो, गरम खिचडी केली, तांब्याभर पाणी घेतलं, तोंडाला रुमाल बांधला आणि प्राध्यापकांचं पुढचं दार उघडलं. आत अंधार आणि कोंदट वास. मागच्या खोलीत बा खाटेवर बसल्या होत्या, आधीच लहानखुऱ्या, आता अगदीच एवढ्याशा. मला पाहताच त्यांनी आधी तोंडावर पदर घेतला. ताप नव्हता. फक्त दमा होता आणि भूक.

‘कोईने कहीश नहीं ने?’ कुणाला सांगणार नाहीस ना, हे त्यांचं पहिलं वाक्य.

‘नाही सांगत, बा. पण तुम्ही गेल्या नाहीत कशा?’

त्यांनी मुलाला सांगितलं होतं, मी मुलीबरोबर येते. मुलीला निरोप धाडला होता, मी मुलाबरोबर निघाले. रस्त्यात गाड्या अडवून तपासतात असं त्यांनी ऐकलं होतं. एका म्हातारीच्या खोकल्यापायी नातवंडं अडकायला नकोत. मागच्या दाराची किल्ली त्यांच्याकडे होती. चार दिवस खाखरे पुरले. मोटर लावली तर आवाज होईल आणि शेजारचा भाई गाडी बोलावील, म्हणून पाणीही चढवलं नाही, माठांत भरून ठेवलेलं पुरवून पुरवून प्यायल्या. मग भिंतीवर पान दिसलं. ते पितरांचं आहे हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्यांच्याकडेही कावळ्यांना असाच कागवास घालतात. ते उचलणं पाप, हेही त्यांना माहीत होतं.

‘रोज उपाडतां पेलां तारी मा-ने कहेती,’ त्या म्हणाल्या, ‘बेन, आ तारुं छे. आजनो दी मने खावा दे.’ पान उचलण्याआधी रोज त्या माझ्या आईला सांगायच्या: बाई, हे तुझं आहे, आजचा दिवस मला खाऊ दे. दाराआडून मी ऐकलेलं पुटपुटणं ते होतं.

मी खिचडीचं ताट पुढे केलं. त्यांनी घास उचलला आणि तसाच धरून विचारलं, ‘काले केम कंई न आव्युं? मने थयुं, तुं पण गयो.’ काल काही आलं नाही, मला वाटलं तूही गेलास. स्वरात तक्रार नव्हती.

‘काल माझा उपवास होता, बा,’ मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि जेवू लागल्या. त्यांना ते पटलं, हे मला सहन झालं नाही. मी रुमाल सोडला. ‘उपवास नव्हता. मी भ्यायलो होतो. आत बसून जेवत होतो. आईलाही मी असंच खोटं सांगितलं, बा. रजा मिळत नाही म्हणालो. रजा मी मागितलीच नव्हती. जायचा कंटाळा आला होता.’ हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

बांनी पाण्याचा घोट घेतला. ताटातली थोडी खिचडी त्यांनी माझ्या बाजूला सारली.

‘मा-ने बधी खबर होय, दीकरा,’ त्या म्हणाल्या. ‘बेस, खाई ले.’

आईला सगळं ठाऊक असतं. त्यांनी ते मला धीर द्यायला सांगितलं आणि मी त्यांच्यासमोर बसून ती खिचडी खाल्लीही. पण घास गिळताना मला फोनवरचं आईचं शेवटचं वाक्य ऐकू येत होतं. ‘बरं भाऊ, सवड व्हई तवय ये,’ सवड होईल तेव्हा ये, असं म्हणून तिनं फोन ठेवला होता. रजा मिळेल तेव्हा, असं ती म्हणाली नव्हती. म्हणजे तेव्हाही तिला ठाऊक होतं.