रॉकेलमधलं पाणी

रॉकेल पाण्यात विरघळत नाही, हे मी नांदेडच्या कॉलेजात बी.एस्सी. करताना शिकलो. त्याची चव मात्र उदगीरला घरी आल्यावरच कळली.

त्या साली दुष्काळ होता आणि आमचं लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. (जिल्हा आला, पाणी काही आलं नाही!) गल्लीत टँकर शिरला की हाताला लागेल ते भांडं घेऊन पळायचं, अशीच रीत पडली होती. मी अंगणातला पत्र्याचा डबा उचलला, भांडून-तंडून नळीखाली घातला आणि काठोकाठ भरून मोठ्या तोऱ्यात घरात आणला. वास येत होता, पण मला वाटलं टँकरचाच असंल. डब्यात रेशनचं रॉकेल होतं!

"मेल्या, उद्या अक्काला बघायला अहमदपूरचे पाहुणे येऊन राहिलेत!" अव्वानं, म्हणजे आमच्या आईनं, कपाळावर हात मारला. "चहाचं पाणी बी ह्यातच, स्टोव्हचं रॉकेल बी ह्यातच! आता पाहुण्याला काय डोंबल पाजू?"

अक्का पाहुण्यांसाठी पुसून ठेवलेले कप परत फळीवर ठेवायला लागली. तिचं एक स्थळ नुकतंच मोडलं होतं. तिचं तोंड बघून मी हट्टालाच पेटलो.

"अव्वा, हे मिश्रण हाय! मिश्रण म्हणलं की वेगळं होतंच! सरकारनं उस्मानाबादेतून लातूर वेगळं काढलं, मला रॉकेलातून पाणी काढता येईना व्हय?"

"सरकारला लई वर्सं लागली," आप्पा म्हणाले.

रॉकेल हलकं, ते वर तरंगतं. आधी पळीनं काढून बघितलं, तर पळीत दोन्ही! मग रबरी नळी तळापर्यंत सोडली आणि पाणी ओढायला तोंडानं जोरात झुरका मारला. नेमकी नळी वर सरकली!

"थू! थू! मेलो!"

"बश्या, बिडीवाल्यांपासनं लांब बस रे!" आप्पा मला ओरडले.

पण मी नळी सोडली नाही. दिवस मावळायला इकडं घागरीत पाणी, तिकडं बाटल्यांत रॉकेल! "दोन्ही एकदम शुद्ध!" मी जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी त्या शुद्ध रॉकेलवर स्टोव्ह नुसता फुटफुट करून विझायचा. पंप मारून मारून हात गळाले, तेव्हा कुठं चहा झाला. नवरदेवाच्या वडलांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"चहाला वास कशाचा येऊन राहिलाय?"

"वेलदोड्याचा जी," अव्वा घाईघाईनं म्हणाली.

"रॉकेलचा," खाली मान घालून बसलेली अक्का एकदम बोलली. "भावानं चुकून रॉकेलात पाणी भरलं. मग माझ्यासाठी दिवसभर बसून वेगळं केलं. तुमी पिऊ नका."

झालं! आता हेही स्थळ गेलं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (रॉकेलही असेल.)

तेवढ्यात नवरदेव फिस्सकन हसला. "बाबा, पोरगी खरं बोलतीय. आपल्याला पसंत हाय!"

लग्नात आप्पांनी मला पाण्याजवळ फिरकू दिलं नाही, की चुलीजवळ. "इथं काय मिसळायचं न्हाई, काय वेगळं करायचं न्हाई," असं बजावून मांडवाबाहेर चपला राखायला बसवलं. निघताना व्याही अनवाणीच गाडीत बसले; मी त्यांना दोन्ही चपला डाव्याच काढून दिल्या होत्या!