अनंतगिरीवर म्यूऑन मोजायला

"हरले तर मामाच्या ऑफिसात बसते. पण आधी अनंतगिरीला चल," सुजाता म्हणाली आणि मी रजा टाकली.

सुजाता माझी मुलगी, एम.एस्सी. फिजिक्सची. आभाळातून म्यूऑन नावाचे बारके कण सतत पडतात, आपल्या अंगातूनही आरपार जातात म्हणे. त्यांत पॉझिटिव्ह भाराचे जास्त, निगेटिव्ह कमी असायला हवेत. कुकटपल्लीच्या आमच्या फ्लॅटमध्ये ते मोजायच्या तिच्या खोक्यात मात्र रोज उलटंच यायचं. सर म्हणाले, उघड्या आभाळाखाली मोजून आण, नाहीतर विषय बदल.

खोक्यात जडजूड लोहचुंबक, बसमध्ये चढवणं अशक्य. टॅक्सीच केली. तुम्हीही जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. विकाराबादपर्यंत रस्ता झकास, तिथली मिरची-भजी त्याहून झकास. पुढे वळणं आहेत, तेव्हा भजी बेतानं खा. मी बेतानं खाल्ली नाहीत.

खोक्याला सीटबेल्ट लावलेला बघून ड्रायव्हर सलीमभाईंनी विचारलं, "क्या है अम्मा इसमें?"

"म्यूऑन."

"जिंदा हैं?"

"एक सेकंद भी नहीं जीते," सुजाता म्हणाली.

"अरे रे! एसी बढ़ाऊँ क्या?"

टेकडीवर झाडांमधली मोकळी जागा बघून खोकं मांडलं. दुपार झाली तरी निगेटिव्हच पुढे. सुजातानं डोळे पुसले. "मम्मी, मामाला फोन कर."

खरं तर निघताना मला हेच हवं होतं. आता मात्र मी फोन पर्समध्येच राहू दिला. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "खोक्याचे पाय वर का गं?"

"पायांवर डुगडुगतं. घरीही पालथंच ठेवते, आणि..." ती थांबली. "मम्मी! चुंबक पॉझिटिव्हला एकीकडे वळवतो, निगेटिव्हला दुसरीकडे. पालथं ठेवलं की बाजूच बदलतात!"

सलीमभाईंनी पायांखाली दगड लावले. मग आम्ही तिघं स्क्रीनसमोर मांडी घालून बसलो. एकेक आकडा वाढला की सलीमभाई ओरडायचे, "हौ, आने दो!" ऊन उतरेपर्यंत पॉझिटिव्ह चांगलेच पुढे गेले.

"वरून येणारे मूळ कण बहुतेक पॉझिटिव्हच असतात," सुजातानं समजावलं. "तोच गुण त्यांच्या पिल्लांत, म्हणजे म्यूऑनमध्ये उतरतो."

घरी आल्यावर भज्यांची जळजळ दोन दिवस टिकली. सुजाताचा हसरा चेहरा अजून टिकून आहे. भावाला फोन मात्र मीच केला.

"दादा, सुजा काही ऑफिसात येणार नाही."

"का गं?"

"टेकडीवर पॉझिटिव्ह निघाले ना."

 पलीकडून घाबरा आवाज आला, "अगं, मग तुम्ही सगळ्यांनी तपासून घ्या! पोरीला वेगळ्या खोलीत ठेवलंय ना?"