पहिल्या खोलीची कडी

पंचवटीतल्या आमच्या धर्मशाळेत शेजाऱ्याच्या दाराची कडी वाजवल्याशिवाय सकाळचा चहा घ्यायचा नाही. ही धर्मशाळा यात्रेकरूंची नाही, मागेपुढे कोणी नसलेल्या म्हाताऱ्यांची. बांधणाऱ्या व्यापाऱ्याला मूलबाळ नव्हतं. म्हातारपणी काय वेळ येते हे ओळखूनच त्याने ती बांधली असावी. मधे फरसबंद चौक, चारी बाजूंनी एकेका माणसापुरत्या खोल्या, सगळी दारं चौकाकडे. उठल्यावर शेजारची कडी वाजवायची, आतून ‘हो’ ऐकू आलं की आपण मोकळे. मग त्याने पुढची वाजवायची. अशी फेरी चौकभर फिरून पहिल्या दाराशी परत यायची.

पुढे रस्ता रुंद झाला आणि एक बाजू पाडली. तिथे आता पत्रे ठोकलेत. फेरी तुटली, पण ती पुन्हा जोडावी हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. शेजारी म्हणजे भिंतीला भिंत लागलेला, एवढंच आम्हाला ठाऊक.

पत्र्यांना लागून पहिली खोली माझी. अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झालो, बायको गेली, आणि इथे आलो. रोज सुरुवात मी करतो. माझी कडी मात्र कोणीच वाजवत नाही. या वयात सांगायला लाज वाटते, पण मला त्याचं फार वाईट वाटतं. पत्र्यांच्या दुसऱ्या टोकाला, शेवटच्या खोलीत, सिन्नरकडच्या एक आजी राहतात. त्यांना पुढे वाजवायला कडीच नाही.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी तापाने फणफणलो होतो, उठवेना. म्हटलं, बघू या तरी कोणी येतं का. चौकात चिटपाखरू नव्हतं. सगळे आपापल्या दाराआड कडीची वाट बघत बसलेले, कारण पहिली कडी मीच वाजवायची! नियम पाळण्यात आमचा हात कोण धरणार?

ऊन चौकात उतरलं तेव्हा काठीचा आवाज आला आणि माझी कडी खणखणली. दारात आजी.

“काय हो भाऊ, जित्ते हाय ना? मग वाजवा की कडी! चहा नाय, काय नाय, लय वेळ झाला.”

ते रागावणं इतकं गोड लागलं की मी ‘हो’ दोनदा म्हटलं. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, शेजारची कडी स्वतःच वाजवली आणि मला चहा आणून दिला.

ताप उतरला त्यानंतरच्या सकाळी मी लवकर जागा झालो आणि तसाच पडून राहिलो, काठीचा आवाज येतो का ते ऐकत. बऱ्याच वेळाने समोरून आजींचा खोकला ऐकू आला. त्या जाग्या होत्या आणि कडीची वाट बघत होत्या.

मग मी उठलो आणि शेजारची कडी वाजवली.