मुंगीच्या तोंडातलं अंडं

आता काय सांगू तुम्हाला, तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि माझीच तोंडी परीक्षा घेतली ती खालच्या मजल्यावरच्या नऊ वर्षांच्या कावेरीनं!

टाळेबंदीतली गोष्ट. आमच्या तांबरमच्या लोकल गाड्या बंद, रस्ता झोपलेला. दुपारी कडुनिंबाची फुलं अलगद गॅलरीत उतरायची आणि आम्ही दोघं, मी वर, ती खाली, कठड्याला टेकून तासन्‌तास नुसते बघत बसायचो. काय? भिंतीवरून उतरणारी मुंग्यांची रांग! कावेरीचं घर तंजावरच्या मराठी मंडळींचं. ती मराठीत सुरू करायची आणि तमिळमध्ये उतरायची. मी तिचा ‘तात्ता’, म्हणजे आजोबा.

"तात्ता, मुंगीच्या तोंडात पांढरं काय आहे?"

"अंडी!" मी न बघताच म्हणालो. "मुंग्या अंडी हलवायला लागल्या की समजायचं, मोठा पाऊस येणार!"

एवढ्यावर थांबावं की नाही? मी इमारतीच्या ग्रुपवर इशारा टाकला. बायकांनी धावत जाऊन गच्चीवर वाळत घातलेली वडामं, म्हणजे तांदळाचे सांडगे, अर्धवट वाळलेलीच उचलली.

मग काय? तीन दिवस असं ऊन, की कावळेसुद्धा सावली शोधत होते! घरात कोंडलेल्या वडामांना बुरशी आली. ग्रुपवर माझं नाव ‘हवामान खातं’.

पण कावेरी हसली नाही. ती मुंग्यांकडेच बघत होती. चौथ्या दुपारी खालून ओरडली, "तात्ता! अंडं गोड आहे!"

"अगं, खाल्लंस?"

"थोडंसं. नारळ आहे! आणि रांग तुमच्या घरातून येते."

मी पटकन खिडकी लावायला वळलो. बायको, सुधा, शेजारीच उभी होती. ती रांग धरून निघाली. खिडकी, भिंत, पुस्तकांचं कपाट. जाड विश्वकोशामागे नारळाच्या बर्फीचा डबा! शेजारणीनं दिलेली. सुधाला वाटत होतं, मी ती केव्हाच वाटून टाकली.

"तरीच तुमची शुगर उतरत नाही!" सुधा म्हणाली. डबा जप्त.

मी मान खाली घालून गॅलरीत आलो. "कावेरी, तू बघत होतीस. मी नुसता सांगत होतो."

तिनं गंभीरपणे मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, "मुंग्या खरं सांगतात. तात्तांचं अजून तपासायचं आहे."