उस्मानभाईंचं मशीन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मधेच विषय बदलायची मला जुनी सवय आहे — आज ती चालू देणार नाही. शेवटपर्यंत सांगणार आहे.

नव्वदच्या दशकाचा शेवट. सांगलीत माझं कॉम्प्युटर जोडून विकायचं दुकान होतं. कॉम्प्युटरचा मेंदू असलेली चिप म्हणजे एकच मोठी कंपनी, असं गिऱ्हाईक धरून चालायचं. पण दुसरी एक कंपनीही चिप काढायची — त्याच खाचेत बसणारी, तेच प्रोग्राम चालवणारी, आणि बरीच स्वस्त. मी मोठीचा माणूस. साताऱ्याचे उस्मानभाई दुसरीचे.

उस्मानभाई कोण? लोणंदला ते रेडिओ दुरुस्त करायचे तेव्हा त्यांनीच मला सोल्डरिंग शिकवलं. बोट भाजलं की स्वतः फुंकर घालायचे. पुढे साताऱ्यात कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. "खेड्यातल्या शाळंलाबी परवडलं पायजे रं," म्हणायचे. मला राग यायचा. का? तर त्यांचं बरोबर होतं म्हणून.

सांगलीच्या एका शाळेला लॅबभर मशिनं हवी होती. आम्हा दोघांनाही एकाच शुक्रवारी बोलावलं. सकाळी दोन्ही मशिनं शेजारी लावून निकालपत्रकं छापून पाहिली. उस्मानभाईंचं मशीन तसूभर मागे पडलं नाही. हेडमास्तर तर त्यांच्याशीच बोलायला लागले होते. जेवणाच्या सुट्टीत मशिनं बंद केली. "जुम्म्याची नमाज पढून येतो. मशीनकडं जरा ध्यान दे रं," असं मला सांगून ते गेले.

आम्हा लोकांच्या मशिनांवर कव्हर कधीच नसायचं — सारखं कोण उघडणार? म्हणून तर — हं, सांगतो. चिपला किती व्होल्ट द्यायचे ते बोर्डावरचा जम्पर ठरवतो. दोन पिनांवर बसणारं, डाळीच्या दाण्याएवढं प्लॅस्टिकचं टोपण. दोन्ही कंपन्यांच्या चिपांना वेगवेगळे व्होल्ट लागायचे. मी त्यांचा जम्पर उपसला आणि आमच्या चिपला लागतो त्या जागी बसवला. चिपला नको इतके व्होल्ट. दहा सेकंदांचं काम.

दुपारी अर्ध्या तासात त्यांचं मशीन तापून अडकलं. परत चालू केलं, परत अडकलं. हेडमास्तर घड्याळाकडे बघायला लागले.

एवढ्यावर थांबलो असतो तरी — नाही, थांबलो नाही. उस्मानभाई माझ्याकडे वळले. "तूच बघ रं. तुजा हात माज्यापरीस साफ हाय." मी मशीन बंद केलं, वाकलो, जम्पर गुपचूप मूळ जागी बसवला, चिपला बोट लावलं आणि म्हणालो, "चिपच तापतीया, उस्मानभाई. तुमची काय चूक न्हाई."

चूक न्हाई — हे वर आणखी! त्यांनी विश्वास ठेवला. शिकवलेल्या पोरावर कोण ठेवणार नाही?

ऑर्डर मला मिळाली. उस्मानभाईंनी साताऱ्याला जाऊन आधी आपली जुनी गिऱ्हाइकं गाठली, चिप तापते म्हणून बजावलं, पदरमोड करून चिपा बदलून दिल्या. वर्षभरात दुकान मोडलं. पुन्हा लोणंद, पुन्हा रेडिओ — तेही कुणी आणून दिले तर. मी भेटलो की चहा मागवून चारचौघांत सांगायचे, "ह्यानं येळंवर सांगितलं म्हून वाचलो." मी तो चहा प्यायचो. ते वारले तोपर्यंत, दरवेळी प्यायलो.

त्या शुक्रवारी मशीन परत न्यायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. "ठेव तुलाच. सुट्या भागांना व्हईल," म्हणाले. मी एकही भाग काढला नाही. तीच चिप, तोच जम्पर. माझी मुलगी त्यावर टायपिंग शिकली, दुकानाची पत्रं त्यावर निघाली. सहा वर्षं ते रोज चाललं. एकदाही अडकलं नाही.