भित्र्या पोरीचा उजवा कौल

आमच्या मालवण तालुक्याच्या वाटणीला आलेली सगळी भीती देवाने एकाच मुलीच्या दप्तरात भरून ठेवली होती, आणि ती मुलगी नेमकी माझ्या बाकावर बसायची. माडाखालून ती सरळ अशी कधी चाललीच नाही. नारळ डोक्यात पडेल म्हणून वर बघत नागमोडी जायची, आणि वर बघत गेल्यामुळे हमखास शेणात पाय द्यायची. शाळेत तेव्हा नवीनच वीज आली होती. तिचं बटण ती लाकडी पट्टीने दाबायची, तेही डोळे मिटून. गावाची राखण करणाऱ्या देवचाराला तर ती इतकी भ्यायची, की सांजवेळी त्याच्या वाटेने जाताना आपण कुणाची मुलगी, कुठून आलो, कुठे चाललो हे सगळं मोठ्याने सांगत जायची. त्याचा उगाच गैरसमज नको. एकदा आम्ही खाडी ओलांडून देवबागेला सहलीला निघालो, तर होडीत पाय टाकण्याआधी हिने होडीवाल्याला पोहता येतं का ते विचारलं. तो मेला बेरकी, शांतपणे नाही म्हणाला. जाऊन येईपर्यंत माझ्या दंडावर तिची नखं उमटली होती.

असली मुलगी घराचा कोपरा धरून बसेल, असं कुणालाही वाटेल. पण हिचं शास्त्रच उलटं. ज्या गोष्टीची भीती वाटेल तिथे ही आधी जाऊन नाव द्यायची, आणि एकटी जायला भीती वाटते म्हणून सोबत माझंही द्यायची. लोकांसमोर बोलायची भीती, म्हणून वक्तृत्व. रक्ताची भीती, म्हणून प्रथमोपचार. मी कपाळाला हात लावला की म्हणायची, “भीती वाटता तां आधी करून टाकूचां गो. नायतर ती उशाक येऊन बसता.” वक्तृत्वाच्या पहिल्या स्पर्धेत ती उभी राहिली, तोंड उघडलं, आणि आवाज काही आलाच नाही. आम्ही वाट बघतोय, परीक्षक वाट बघतायत. शेवटी “एवढे बोलून मी माझे भाषण संपवते” एवढं एकच वाक्य स्पष्ट म्हणून ती खाली उतरली. पुढच्या वर्षी त्या वाक्याच्या आधी आणखी दोन वाक्यं आली, तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या. प्रथमोपचारात सांडलेली लाल शाई बघून ती भुईवर आडवी झाली, आणि आम्ही शिकलेली पहिली पट्टी तिच्याच डोक्याला बांधली.

शाळेत एक सेवापथक होतं. विज्ञानाच्या बाई ते चालवायच्या, आणि अर्थातच त्यातही आम्ही दोघी होतो. आमच्या वाट्याला शाळेमागची एक म्हातारी आली होती. तिला सगळे काकी म्हणत. एकटीच राहायची, माडाच्या झावळ्यांची चुडतं विणून पोट भरायची, आणि मोतीबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेल्यात जमा होते. उजेड आणि काळोख एवढंच कळायचं. आम्ही तिचं पाणी भरून द्यायचो, पण काकी हट्टी. आम्ही यायच्या आधी स्वतःच कळशी घेऊन चाचपडत निघायची, आणि विहिरीला कठडा नव्हता. एका सकाळी तिचा पाय काठावरून निसटला, तो हिनेच धावत जाऊन पदराला धरून तिला मागे ओढली. त्या दिवसापासून हिच्या सगळ्या भीती मागे पडल्या आणि ती विहीर तेवढी पुढे आली. वर्गात गणित चालू असताना मागच्या बाजूला नुसतं काही धप्पकन पडलं, की ही उभीच राहायची. मास्तर ओरडायचे. नारळ होता की काकी, हे कळेपर्यंत ही खाली बसायची नाही.

त्या हिवाळ्यात आमच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर ठरलं. डॉक्टर कणकवलीवरून येणार, वर्गात खाटा मांडणार, ऑपरेशन फुकट. बाईंनी पहिलं नाव काकीचं धरलं. काकी म्हणाली, देवाक इचारा. आमच्याकडे लग्न असो, घर असो, नाहीतर म्हैस विकायची असो, कौल घेतल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नाही. गुरव पाषाणावर ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, जमलेली माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आम्ही काकीला हाताला धरून देवळात नेली. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, आणि पाकळी पडली ती डावी.

झालं. काकी काठी घेऊन उठली. बाई एक पाऊल पुढे आल्या आणि थांबल्या, कारण देवळात विज्ञान चालत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. मी हिच्याकडे बघितलं, तर ओठ पांढरे पडलेले. ती गुरवाच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि पुन्हा विचारूया म्हणाली. गुरव वैतागला. एकदा दिलेल्या कौलावर तीच गोष्ट फिरून विचारायची म्हणजे देवाला खोटं पाडायचं, असा कोप कोण ओढवून घेणार? “तां मी इचारणंय नाय,” ती म्हणाली. “माझां वेगळां आसा.” आणि वक्तृत्वात जिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता त्या मुलीने, सगळ्या मानकऱ्यांसमोर, मुलीबाळींनी कधी घालायचं नसतं ते गाऱ्हाणं स्वतः घातलं.

“बा देवा म्हाराजा, काकीच्या डोळ्यांचां काय वायट झालां, तर माझे डोळे घे. पण तिका आप्रेशनाक जावंदे.”

याला ‘व्हय म्हाराजा’ कोण म्हणणार? कुणाची जीभ रेटेना. शेवटी गुरवच सवयीने म्हणून गेला आणि आपल्याच आवाजाला दचकला. पाकळी बराच वेळ हललीच नाही. मग पडली, उजवी.

लोकांनी घंटा वाजवली, बाईंनी डोळे पुसले, काकी ऑपरेशनला तयार झाली. आनंदीआनंद. एकटी ही खांबाला धरून उभी. मी जवळ गेले तर कानात म्हणाली, “गो, देव व्हय म्हणालो.” तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. देवाने होकार दिला तो काकीला नव्हे, हिच्या सौद्याला.

ऑपरेशन झालं, काकीच्या डोळ्यांवर पट्टी चढली, आणि पट्टी सुटेपर्यंतचे ते दिवस आम्ही दोघींनी कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून काकी निजलेली, आणि तिने मान हलवू नये म्हणून ही उशाशी बसलेली. काकी नुसती खोकली तरी हिचा जीव अर्धा व्हायचा. तिथून सुटका झाली की हिची आंधळं व्हायची तालीम. डोळे मिटून वेणी घालायची, डोळे मिटून जेवायची, माझा हात धरून डोळे मिटून घरी जायची. मधेच हिशेब मांडायची. भूमिती गेली. शिवण गेलं. वक्तृत्व मात्र बरं होईल, समोरची माणसं दिसणार नाहीत. मी हसायचे, आणि हसता हसता तिचा हात आणखी घट्ट धरायचे. मी तिला सांगून बघितलं, की असं काही नसतं, देव असा कुणाचे डोळे काढून नेत नाही. पण मलाही ते खात्रीने सांगता येत नव्हतं, आणि तिला ते कळत होतं. एकदा बंदराकडे गेलो असताना ती समुद्राकडे तोंड करून नुसती उभी राहिली. चल म्हटलं तरी हलेना. काय करतेस म्हणून विचारलं, तर म्हणाली, “बघून घेतंय.”

मी रडले. ती रडली नाही. डोळ्यांत पाणी आलं की नीट दिसत नाही, म्हणाली.

पट्टी सोडायच्या दिवशी ही माझ्या पाठीमागे लपून, माझी वेणी मुठीत धरून, डोळे गच्च मिटून उभी होती. डॉक्टरांनी पट्टी काढली, काकीच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा चढवला आणि काय दिसतं म्हणून विचारलं. माझी वेणी मुळापासून ओढली जात होती. मग काकी म्हणाली, कौलांतून कवडसा पडलाय, आणि त्या बाईंच्या साडीवर फुलं आहेत. आणि लगेच विचारलं, देवळात बोललेली ती खंय आसा? मी हिला ओढून पुढे केली. काकीने आजवर तिचा फक्त आवाज ऐकला होता. तिने हिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हनुवटीला हात लावून म्हणाली,

“ह्यां? ह्यां एवढासां चेडू?”

त्या भिंगांतून सगळं असतं त्यापेक्षा मोठं दिसतं, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. त्यातूनही ती पोर काकीला एवढीशीच दिसली. मी तिला रोज बघत होते, पण त्या दिवशी मीही नीट बघितलं. काटकुळे हात, खांद्यावरून ओघळलेला गणवेश, आणि अजून मिटलेलेच डोळे. ते तिने काकीचा हात लागल्यावर हळूच उघडले, आधी एक, मग दुसरा.

दहावीनंतर तिच्या वडिलांची बदली झाली आणि ती नांदगावच्या बाजूला गेली. पुढे लग्न झालं, पत्ते बदलले, भेटी राहून गेल्या. माझी धाकटी लेक आता आम्ही तेव्हा होतो त्याच वयाची आहे. सकाळी शाळेची घाई, मोजे सापडत नाहीत म्हणून ती घरभर नाचत असते, आणि मी हातातलं काम सोडून तिच्याकडे बघत राहते. काय बघतेस गं, म्हणून ती चिडते. काय सांगू तिला? एवढंसंच असतं गो ते वय.